एसयूव्हीला हिच लावताना आधी दार उघडून बघा

तुमच्यापैकी पुष्कळांचं कुणी ना कुणी अमेरिकेत असेल. इंदूरच्या घरातली मुलगी, हैदराबादकरांचा पुतण्या, बडोद्यातल्या कुणाचा धाकटा भाऊ. तिथे उन्हाळा जवळ आला की एक नवी हौस कानावर येते: "यंदा कॅम्पर घेऊन फिरायला जायचंय." कॅम्पर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं.

माझ्या भाच्याचा असाच फोन गेल्या एप्रिलमध्ये आला. तो न्यू जर्सीत राहतो. तीन रांगांची एसयूव्ही आहे, दोन मुलं आहेत, आणि माझी ताई-भावजी सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले होते.

"मावशी, हिच मागवतोय. त्याच्यावर ८००० पौंड लिहिलंय आणि कॅम्पर भरून ३८०० चा. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त मजबूत. बरोबर ना?"

मी पिंपरीच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या चाचण्या करण्यात नोकरी संपवली, म्हणून घरातला प्रत्येक गाडीचा प्रश्न माझ्याकडे येतो. मी म्हटलं, "आधी ड्रायव्हरचं दार उघड. दाराच्या खांबावर स्टिकर असेल, त्याचा फोटो पाठव."

"हिच मागे लागतो मावशी. दाराचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो न कळल्यामुळे माणसं फसतात.

आधी वस्तू समजून घेऊ. हिच रिसीव्हर म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला, बंपरखाली, चासीला बोल्टने आवळलेली जाड पोलादी नळी. तिला मध्यभागी चौकोनी तोंड असतं. त्यात एक दांडी सरकवून आडवी पिन घालायची. त्या दांडीला म्हणतात बॉल माउंट. त्यावर पोलादी गोळा, आणि त्या गोळ्यावर ट्रेलरच्या पुढच्या टोकाची वाटी बसते. उसाच्या ट्रॅक्टरमागची ट्रॉली पाहिली असेल तर कल्पना तीच आहे.

चौकोनी तोंडाचं माप हा पहिला प्रश्न. छोट्या गाड्यांना सव्वा इंची तोंड येतं, एसयूव्हीला बहुधा दोन इंची. अमेरिकेत रिसीव्हरचे वर्ग पाडलेत. क्लास १ साधारण २००० पौंडांपर्यंत, म्हणजे ९०० किलोच्या आसपास. क्लास २ हा ३५०० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ १६०० किलो. हे दोन्ही सव्वा इंची. क्लास ३ दोन इंची, ८००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६०० किलो. त्यापुढचे वर्ग मोठ्या पिकअप ट्रकसाठी. आपल्याला त्यांच्याशी घेणं नाही. भाच्याने निवडलेला रिसीव्हर क्लास ३ होता आणि निवड चुकीची नव्हती. चूक त्या ८००० च्या आकड्यावर भरवसा ठेवण्यात होती.

तो आकडा फक्त त्या लोखंडाचा आहे. तेवढ्या ओढीने नळी वाकणार नाही किंवा वेल्डिंग सुटणार नाही, एवढंच तो सांगतो. तुमचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, मागची स्प्रिंग आणि टायर यांबद्दल तो काहीही सांगत नाही. टोयोटा रॅव्ह४ चं उदाहरण बघा. २०१९ च्या मॉडेलपासून आलेल्या पिढीत साध्या पेट्रोल गाडीची ओढण्याची मर्यादा १५०० पौंड होती, हायब्रिडची १७५०, आणि ॲडव्हेंचर प्रकाराची ३५००. बाहेरून गाड्या सारख्याच, फरक आत. १५०० वाल्या गाडीला तुम्ही ३५०० चा हिच लावलात, तरी ती १५०० चीच राहते.

म्हणून गोळा, बॉल माउंट, रिसीव्हर आणि गाडी या चौघांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तोच खरा. गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळतो. भाच्याच्या गाडीचा होता ५००० पौंड. "मग तरी ३८०० बसतंच की," तो म्हणाला. पोरगं हुशार आहे, पण घाई फार.

जुवावरचा भार

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना पुढचं लगेच कळेल. गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला फास बसतो. माल फार पुढे आला तर जू मानेवर दाबतं. जाणता गाडीवान माल असा रचतो की जुवावर थोडासा भार राहावा.

ट्रेलरचं हेच गणित आहे. त्याच्या पुढच्या दांडीला इंग्रजीत टंग म्हणतात, आणि तिचा गोळ्यावर जो दाब पडतो त्याला टंग वेट. हा दाब ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी असेल तर हायवेवर वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि हा झोल वाढत जाऊन गाडीलाही फिरवू शकतो. तसं झालंच तर कचकन ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, आणि ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका असेल तर तो हलकेच दाबायचा. पण झोल येऊच नये यासाठीच जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या थोडं पुढे ठेवायचं असतं.

म्हणजे दाब हवाच. आणि तो दाब गाडीला पाठीवर घ्यावा लागतो. ट्रेलरचं बाकी वजन त्याची स्वतःची चाकं उचलतात, पण गोळ्यावरचा भार डिकीत ठेवलेल्या सामानासारखा गाडीच्या खात्यात जातो. दाराच्या खांबावरचं स्टिकर इथे कामाला येतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भरू नका. ट्रेलर जोडलात की गोळ्यावरचा भारही त्यातच धरायचा.

भाच्याच्या स्टिकरवर १२४० पौंड होते, म्हणजे ५६२ किलो. फोनवर आम्ही हिशेब मांडला. तो, सूनबाई, दोन मुलं, ताई आणि भावजी: सहा जणांचे ३४९ किलो. (ताईने वजन सांगताना थोडी कुरकूर केली, पण सांगितलं.) गाडीतलं सामान, बर्फाची पेटी वगैरे ६८ किलो. रिसीव्हर आणि बॉल माउंटचं लोखंड २५ किलो. बाहेरून लावलेलं, म्हणून तेही धरायचं. झाले ४४२. उरले १२० किलो.

कॅम्पर ३८०० पौंड, म्हणजे १७२४ किलो. त्याच्या १३ टक्के धरले तर गोळ्यावर २२४ किलो.

हातात १२०, गरज २२४ ची. गाडी ५००० पौंड ओढू शकते, हिच ८००० चा आहे, आणि तरीही शंभर किलोंहून जास्त भार वर जातोय.

शिवाय गोळा मागच्या आसाच्या बराच मागे असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.९ मीटर आणि मागच्या आसापासून गोळा १.२ मीटर धरा. मग २२५ किलोच्या दाबाने पुढच्या चाकांवरचे सुमारे ९३ किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर ३१८ किलो चढतात. सीसॉ आठवा. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड कमी होते. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात ते वेगळंच. हा भार पुन्हा पुढे ढकलणारा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच मिळतो, आणि रिसीव्हरच्या पट्टीवर अनेकदा त्याचा आकडा दुसऱ्या ओळीत असतो. पण काही गाडीउत्पादक तो लावायला मनाई करतात, आणि त्याने स्टिकरवरची मर्यादा वाढत नाही.

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून ताईचा आवाज आला, "आम्ही दोघं घरीच राहतो. तुम्ही जाऊन या."

व्हिसा काढून, गुडघ्यांचं दुखणं घेऊन ती माणसं नातवंडांसाठी गेली होती. हिचचा प्रश्न सोडवताना हे असलं उत्तर मला मान्य नव्हतं. भाच्यालाही नव्हतं.

घेताना काय बघाल

त्याची पुढची वाट सांगण्याआधी, तुमच्याकडे कुणी हिच घेणार असेल तर थोडं. ट्रेलरचं वजन धरताना जाहिरातीतलं रिकामं वजन धरू नका, भरून जास्तीत जास्त किती होऊ शकतं ते धरा. ३० गॅलनची पाण्याची टाकी भरली की ११३ किलो तिथेच वाढले. रिसीव्हर त्याच गाडीच्या, त्याच वर्षाच्या मॉडेलसाठी बनवलेला घ्या, म्हणजे चासीवर कंपनीने ठेवलेल्या भोकांत बोल्ट बसतात. वाटेल तिथे ड्रिल मारू नका, आणि बोल्ट सांगितलेल्या टॉर्कलाच आवळा. काही गाड्यांत हे बसवायला सायलेन्सर खाली घ्यावा लागतो, काहींत स्टेपनी काढताना रिसीव्हर आड येतो. पाय हलवून डिकी उघडण्याची सोय असेल तर तिचा सेन्सरही झाकला जाऊ शकतो. आधी विचारून घ्या.

नवी गाडीच घ्यायची असेल आणि ओढण्याचं नक्की असेल, तर मी कंपनीचं टो पॅकेज घ्यायला सांगते. त्यात अनेकदा गिअरबॉक्सच्या तेलाचा जादा कूलर आणि वायरिंगही येतं. नंतर लावलेला हिच हे काही देत नाही.

गोळ्याचं माप ट्रेलरच्या वाटीवर कोरलेलं असतं. दोन इंची वाटीत पावणेदोन-दोनच्या मधला, म्हणजे १⅞ इंची गोळा बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडी मारून बाहेर येतो. माप जुळलंच पाहिजे. हलक्या ट्रेलरच्या दिव्यांना चार पिनांचं कनेक्शन पुरतं. ट्रेलरला विजेवरचे ब्रेक असतील तर सात पिनांचं लागतं आणि गाडीत ब्रेक कंट्रोलरही. अमेरिकेत अनेक राज्यांत ३००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात कॅम्परसाठी ही मर्यादा १५०० आहे.

फक्त सायकलींचा स्टँड लावायचा असला, तरी शक्य असेल तर दोन इंचीच घ्या. चार सायकलींचे बरेच स्टँड त्यालाच बसतात. स्टँड मागे सरकवायला जोडनळी लावलीत, तर रिसीव्हरची क्षमता घटते हे लक्षात ठेवा.

आपल्याकडेही आता एसयूव्हीमागे असे हूक दिसू लागलेत. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचं वजन दिलेलं नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. ट्रेलरची नोंदणीही वेगळी लागते, तेव्हा आरटीओत विचारल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

भाच्याने शेवटी क्लास ३ चा तोच रिसीव्हर घेतला. गाडीला तोच योग्य होता. कॅम्पर मात्र बदलला. भरून १५०० पौंडांचा, दोघांपुरता छोटा ट्रेलर भाड्याने घेतला. गोळ्यावर ८८ किलो, सगळं मिळून ५३०. मुलांना तंबू मिळाला म्हणून ती खूश. ताई-भावजींसाठी त्याच कॅम्पच्या आवारात लाकडी खोली घेतली, गरम पाण्याची.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने ट्रेलरची दांडी बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवून फोटो पाठवला: ९१ किलो. म्हणजे हिशेबातून तीन किलो जास्त, चालण्यासारखं. मागे ताई उभी होती, हातात पिशवी. ती नंतर काट्यावर ठेवल्याचाही फोटो आला. लोणचं, चटण्या आणि थालीपिठाची भाजणी, साडेतीन किलो.