एकच समुद्र, दोन शाळा

मुंबईचा वर्सोवा हा जुना कोळीवाडा. तिथे मासेमारीचे शिक्षण देणाऱ्या दोन सरकारी शाळा आहेत. एक केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. ती 1961 साली निघाली आणि 1989 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिथे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालते. दुसरे राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रशिक्षण केंद्र. तिथे मच्छीमार तरुण सहा महिन्यांत नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकतात.

दोन्ही हव्यातच. पण खालच्या शाळेतून वरच्या शाळेत जायला जिना नाही. वारा-पाणी ओळखणाऱ्या पोरालाही आधी बारावी विज्ञान, मग मत्स्यविज्ञानाची पदवी, मग देशभरची प्रवेशपरीक्षा. होडीवर काढलेली वर्षे तिथे जमेस धरत नाहीत.

आपल्या मुलांसाठी आयटीआयला मात्र जिना आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, की तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसते.

पण जिना चढायला पायात बळ हवे. म्हणून फॉर्म भरण्याआधी मुलाला, मुलीला घेऊन कार्यशाळेत जा. यंत्रे चालू आहेत, की धूळ खात पडली आहेत? त्या विषयाच्या निदेशकाची जागा भरलेली आहे का? मुलांच्या हाती पाना रोज येतो, की परीक्षेपुरता? मागची मुले शिकाऊ उमेदवार म्हणून कुठे लागली?

बैल घेताना आपण दात पाहतो. पोरांची दोन वर्षे त्याहून मोलाची आहेत.