शांतता कुणाच्या बापाची?

वरळीच्या ॲनी बेझंट रोडवरचं जपानी बुद्धमंदिर कसं शांत आहे, हे अधूनमधून पेपरात छापून येतं. बाहेर गाड्यांचा गोंगाट, आत मनःशांती. दहा मिनिटं बसा, डोकं थंड करा, ऑफिसला जा. बुद्ध म्हणजे जणू डोकेदुखीवरची गोळी. लिहिणारा पांढरपेशा असतो, त्याचं सोडा. पण आता आपलीच पोरं तसं बोलायला लागलीत, म्हणून हे खरडतोय.

मी भिवंडीत मागावर काम करतो. बारा तासांची पाळी. पाळी सुटली तरी धोट्याचा खडखडाट कानातून जात नाही. तेव्हा शांततेची किंमत मला कुणी शिकवू नये. वरळीला मावशीकडे गेलो की मी त्या मंदिरात जाऊन बसतो. बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? पण ते मंदिर गप्प नाही. तिथं भिक्खू ढोल वाजवतात. 'ना मु म्यो हो रेन गे क्यो' चा घोष आणि त्यावर ठोका. हा निप्पोनझान म्योहोजी पंथ. त्यांचे गुरू निचिदात्सु फुजी १९३१ साली भारतात आले ते हाच घोष घेऊन. हिरोशिमा-नागासाकीनंतर त्यांनी शांतिस्तूप बांधायला घेतले. या पंथाचे भिक्खू अणुबाँबच्या विरोधात ढोल वाजवत रस्त्यावर चालतात. ज्यांच्या दारी तुम्ही शांतता चाखायला जाता, त्यांना ती गप्प बसून मिळत नाही हे पक्कं ठाऊक आहे.

मंदिराला पैसा बिर्लांचा. परळला १९३७ साली धर्मानंद कोसंबींनी बहुजनविहार काढला, तिथंही बिर्लाच. गिरणगावात बुद्धाला जागासुद्धा शेठजीनंच द्यायची! असो. कोसंबींनी नाव तरी बहुजनांचं ठेवलं.

त्या जपानी मंदिरापासून पायी जाल तर वरळीच्या बीडीडी चाळी. ५ जानेवारी १९७४ ला तिथं दलित पँथरच्या सभेवर दगड आले, दंगल पेटली. १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. आता चाळी पाडून टॉवर उठताहेत, २०२५ मध्ये पहिल्या किल्ल्या मिळाल्या. पण किती पिढ्या १६० फुटांच्या खोलीत वाढल्या? त्या खोलीत चूल, आजारी म्हातारी, पाळण्यातलं पोर, आणि कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला एक जण. त्याला कुठली मनःशांती? तो जिन्यात जाऊन बसायचा.

बाबासाहेबांचंही तेच. परळच्या चाळीत एका खोलीत अख्खं घर. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथंच केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं आणि १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं. मित्रहो, बुद्ध आपल्याकडे आला तो असा. वाचायला जागा नसलेल्या एका पोराच्या हातातून आला. ध्यानाच्या गादीवरून नाही आला.

आणि आपण काय केलं? आमच्या वस्तीत विहार आहे. नाव लिहीत नाही, तुमच्याही वस्तीत असाच असेल. आयाबायांनी रोजंदारीतून दहा-दहा रुपये काढून बांधला. आता खाली ग्रॅनाइट, भिंतीवर देणगीदारांची नावं, दाराला कुलूप. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर. एरवी आत पाल फिरते. बारावीच्या पोरांना रात्री बसू द्या म्हणून मी किल्ली मागायला गेलो.

कमिटीतले काका म्हणाले, "बाळा, विहार म्हणजे शांततेची जागा. पोरं कलकल करतात."

मी म्हटलं, "काका, कलकल घरात आहे, म्हणून तर इथं यायचंय."

"आन लाइट बिल कोण तुझा बाप भरणार?"

काका वाईट माणूस नाय. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्यात. पण १९३० ला काळारामाच्या दारात ज्यांनी सत्याग्रह केला, ते दार उघडेना म्हणून ज्यांनी तो देवच सोडला, त्यांची अवलाद आपल्या हातानं बुद्धाला कुलूप लावते? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ ला छापून आला. त्याच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी विचारलंय की भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक. तोच सवाल विहाराला लावा. संगमरवर पुसून ठेवायचा की पोरं बसवायची?

म्हणून सांगतो, वरळीला जरूर जा, ढोल ऐका. पण परत आल्यावर आपापल्या कमिटीकडं किल्ली मागा. संध्याकाळी सातपासून रात्री बारापर्यंत दार उघडं पाहिजे, वर दोन ट्यूबलाइट, खाली सतरंजी. पोरींना आधी जागा, कारण त्यांना जिनाही मिळत नाही. लाइट बिलाची पहिली वर्गणी माझी, पगार झाला की देतो. आणि किल्ली नाहीच मिळाली तर विहाराच्या पायरीवर बसून वाचा. मोठ्यानं वाचा, काकांना झोप येता कामा नये.