बी-वनच्या सड्यावर थांबलेली आमची मुले

मालवणच्या किनाऱ्यावरून घाटी चढून वर आले की सडा लागतो. घाटी चढताना दम लागतो, पण आपण वर चाललो आहोत हे पायांना कळते. सड्यावर मैलभर चालले तरी पुढे तोच कातळ. जर्मन शिकायला निघालेली आमची मुले आज अशाच सड्यावर बसली आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. दहा हजार तरुणांना तिकडे पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्यावेळचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर सावंतवाडीचे. त्यामुळे सिंधुदुर्गात चर्चा जरा जास्तच झाली. आमच्या वाड्यांतील आय.टी.आय. झालेली मुले, नर्सिंग झालेल्या मुली जर्मन शब्द पाठ करू लागल्या.

पहिल्या दोन पायऱ्या, ए-वन आणि ए-टू, उत्साहात सरतात. मराठी माणसाला जर्मनमधील तीन लिंगांचे भय नाही. मुलीला नपुंसकलिंग लावतात म्हणून पुण्या-मुंबईचे विद्यार्थी हसतात. आमच्या मालवणीत 'ता चेडू'च म्हणतात. खरा पेच पडतो तो तिसऱ्या पायरीवर, बी-वनवर. दुकानात, स्टेशनवर निभावते. पण बातमी ऐकली की निम्मी निसटते, पत्र लिहिले की ते शाळकरी पोराचे वाटते. आरंभी दहा शब्द शिकले तरी फरक जाणवतो. इथे शंभर शिकले तरी जाणवत नाही. आणि परिचारिका म्हणून तिकडे नोंदणी व्हायची तर साधारणपणे बी-टू लागते.

मग मूल म्हणते, "माझी तेवढी कुवत नाही." समाजबांधवांनो, हे वाक्य कोणाचे आहे? आमच्या आज्या-पणज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवले गेले. आज तेच वाक्य आमचे मूल स्वतःच्या तोंडाने म्हणते, हा मला सर्वात मोठा धोका वाटतो. वास्तविक हा प्रश्न तासांचा आणि पैशांचा आहे. मॅक्समुल्लर भवन मुंबईत आणि पुण्यात. ज्याचा बाप फी आणि खोलीभाडे भरू शकतो, तो आणखी सहा महिने तिथे बसतो. जिची आई काजूच्या कारखान्यात बिया फोडते, ती कुडाळहून गाडी पकडून किती वेळा जाणार?

मी स्वतः चाळिशीनंतर जर्मन सुरू केली आणि बी-वनवर वर्षभर रुतलो. क्रमिक पुस्तक तिसऱ्यांदा वाचले, उपयोग शून्य. अखेर ते बाजूला ठेवून १९४९ ची जर्मन राज्यघटना हाती घेतली. तिचे पहिलेच कलम मानवी प्रतिष्ठेचे, तिसरे समतेचे. बाबासाहेबांच्या घटनेची कलमे १४ आणि १५ डोक्यात पक्की असल्याने अर्थ आधी कळायचा, शब्द मागून यायचे. आपण अपील 'दाखल करतो', जर्मन वकील ते 'आत ठेवतो'. अशा जोड्या सुट्या शब्दांच्या यादीत सापडत नाहीत. बी-टूची भाषा त्यांचीच बनलेली असते. ज्या विषयात आपण मुरलो आहोत, तोच परक्या भाषेत वाचावा. परिचारिकेने रुग्णसेवेचे, वायरमनने वायरिंगचे वाचावे. आणि रोज दहा ओळी लिहून कोणाकडून तरी तपासून घ्याव्यात. न तपासलेली चूक अंगवळणी पडते, मग ती सोडवायला दुप्पट कष्ट.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वकष्टाने शिकले. जर्मन त्यांनी कोलंबियात शिकली आणि १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. तिथली पदवी त्यांनी घेतली नाही, लंडनची डी.एस्सी. १९२३ साली मिळवली. त्यांनी पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केले ते प्रौढ वयात, अनंत व्याप सांभाळून. 'आता वय झाले' म्हणणाऱ्यांनी शासनाने प्रसिद्ध केलेला त्यांच्या लेखन-भाषणांचा सोळावा खंड उघडून पाहावा.

शासनाने करार केला, तर शिकवणीचा आणि परीक्षेचा खर्च बी-टूचा निकाल लागेपर्यंत उचलावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पण ती विद्यापीठात जाणाऱ्यांची. वायरमनने आणि परिचारिकेने कोणाच्या दारात जायचे? आमच्या संघटनांनी निवेदनात ही मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी.

तोवर विहार आहेतच. रविवारी वंदना झाल्यावर बी-वन झालेल्या चौघांनी तासभर केवळ जर्मनमध्ये बोलावे, एकमेकांच्या वह्या तपासाव्यात. पुढे गेलेल्याने मागच्याला फोनवर वेळ द्यावा. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते. ग्योथे संस्थेच्या बी-टू परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असून प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण लागतात. एका भागात नापास झाल्यास तेवढाच भाग पुन्हा देता येतो.