साडेतीन मिनिटांचा मालकंस

परवां आमच्या घरीं एक लहानशी बैठक झाली. बैठक कसली, घरचींच दहा-बारा माणसें, एक तंबोरा, आणि गाणारी आमच्या धाकट्या बंधूंची नात. तिनें मालकंस म्हटला. कै. केसरबाई केरकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून तो तिनें आपला आपणच उचलला होता. आकार मोकळा, कोमल गंधार जागच्या जागीं, आणि तान तर थेट तबकडींतली. आम्हीं भर बैठकींत तिची वाखाणणी केली. मंडळी उठून गेल्यावर आमच्या वडील वहिनींनीं सहज विचारलें, "काय हो भावोजी, पोरगी इतक्या घाईंत कां होती? कुठें गाडी गांठायची होती का तिला?" आम्ही चपापलों. घाई मुलीचीच नव्हे, आमच्या वाखाणणीचीहि झाली होती.

रात्रीं ती ध्वनिमुद्रिका आम्हीं पुन्हां ऐकली. केसरबाईंना घाई मुळींच नाहीं. घाई आहे ती तबकडीला. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे. जो राग बैठकींत तासभर रंगावयाचा, तो एवढ्यांत बसवावयाचा म्हटल्यावर कात्री प्रथम आलापालाच लागणार. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां तर शेवटीं गायिकेनें आपलें नांवहि उच्चारावयाचें असे. तेवढे क्षणहि गाण्यांतूनच वजा! असल्या मापांत बाईंनीं दमसास, स्वराचा भरीवपणा आणि समेवर येण्याचा डौल साठवून ठेवला, हें त्यांचें असामान्यत्व होय. मुलीनें मात्र तबकडीचें माप तेंच रागाचें माप समजून गळ्यांत उतरविलें.

म्हणून ध्वनिमुद्रिका टाकाऊ, असें म्हणणाऱ्यांतले आम्ही नव्हे. बाईंचे गुरु अल्लादियाखांसाहेब (१८५५–१९४६) आणि त्यांना कांहीं काळ शिकविणारे भास्करबुवा बखले (मृत्यु १९२२), या दोघांचाहि आवाज आज ऐकावयास मिळत नाहीं. बुवांच्या हयातींत तबकड्या निघत होत्या, तरीहि त्यांचें गाणें आपणांस केवळ इतरांच्या आठवणींतून कळतें. आठवणींतून लय कशी कळावी? साडेतीन मिनिटें कां होईनात, आहेत हें भाग्यच.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. जुन्या तबकडीवरून नवी प्रत करतांना फेऱ्यांचा वेग थोडा वाढला, तर लयीबरोबर स्वरहि चढतो आणि भरदार आवाज बारीक होतो. आमच्याकडे एका दुकानांतून आणलेली अशी एक प्रत आहे. तींतील गायिका आपल्या वयापेक्षां वीस वर्षांनीं लहान वाटते. तेव्हां निरनिराळ्या प्रती तंबोऱ्याशीं ताडून पाहाव्या, मगच आवाजाविषयीं मत द्यावें.

बाईंची भैरवीहि अशीच साडेतीन मिनिटांची. १९७७ सालीं ती व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशांत गेली, आणि त्याच वर्षीं बाई निवर्तल्या. तिकडे कोणी श्रोता भेटलाच, तर भरतखंडांतील भैरवी एवढीच असते अशी त्याची समजूत व्हावयाची. त्याचा इलाज आपल्या हातीं नाहीं. घरांतील मुलीचा आहे.

दुसऱ्या दिवशीं तिला आम्हीं हें सांगितलें, तेव्हां ती हिरमुसली. "मग मी शिकलें तें सगळें चुकलें का, आजोबा?" चुकलें नाहीं, अर्धें राहिलें, असें म्हणून आम्हीं ध्वनिमुद्रिका बाजूला ठेवविली आणि तंबोरा तिच्या हातीं दिला. तान नाहीं, चीज नाहीं. षड्जावरून निघावयाचें, गंधाराला स्पर्श करून मध्यमावर थांबावयाचें, आणि खालीं धैवत-निषादांतून हिंडून परत मध्यमाकडेच यावयाचें. प्रथम ती कंटाळली. पुढें पुढें मध्यमावर तिचा आवाज स्थिरावूं लागला, आणि माजघरांत भाजी निवडणाऱ्या वहिनी येऊन दाराशीं बसल्या. पाऊण तास झाला तरी चीज सुरू झाली नव्हती, आणि जेवणाचीं पानें मांडून झालीं होतीं.