सोने सरले, गाव सरले

कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८,४०० फूट उंचीवर बोडी नावाचे निर्जन गाव आहे. १८५९ मध्ये बोडी नावाच्याच एका शोधकास तेथे सोने आढळले. परंतु त्याच हिवाळ्यात हिमवादळात त्याचा अंत झाला. आपल्या नावाचे गाव त्याने पाहिलेच नाही.

१८७६ मध्ये विपुल सोन्याचे खनिज सापडले आणि तीन-चार वर्षांतच हजारोंची वस्ती झाली. बँक, वृत्तपत्रे, मद्यालये, जुगारअड्डे, सारे उभे राहिले. पुढे सोने घटू लागले, तशी माणसे पांगली. १९३२ च्या आगीत गावाचा बराच भाग भस्मसात झाला. १९४२ मध्ये खाणकामही थांबले. आज जतन केलेल्या घरांत टेबल-खुर्च्या आणि दुकानाच्या फळ्यांवर माल तसाच दिसतो. जाणाऱ्यांनी नेता येईल तेवढेच नेले.

श्रावकाचारातील पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म, म्हणजे भूमी खोदण्या-फोडण्याचा व्यवसाय, वर्ज्य सांगितला आहे. त्यात पृथ्वीकायिक जीवांची मोठी विराधना होते. परिग्रह-परिमाण व्रतात तर सोन्या-चांदीसह घर, जमीन, धनधान्य या साऱ्यांची मर्यादा श्रावक स्वतः ठरवतो.

संग्रहाला मर्यादा कधी ना कधी पडतेच. बोडीत ती डोंगराने घातली, तेव्हा माणसांच्या हाती केवळ वियोग उरला. श्रावक तीच मर्यादा आधी, स्वेच्छेने घालतो. म्हणून त्याच्या वाट्याला समाधान येते.