बसवत नाही म्हणून सायकल सोडू नका

सायकल सोडून दिलेल्या माणसाला कारण विचारले की वेळ मिळत नाही, रस्ते खराब आहेत, वाहतूक फार वाढली, अशी उत्तरे मिळतात. आणखी एक कारण असते, पण ते चारचौघांत सांगितले जात नाही. बसवत नाही! मधुमेह किंवा रक्तदाबासाठी व्यायाम हवा म्हणून हौसेने सायकल घेतली जाते, महिनाभरात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत मजल जाते आणि मग ती जिन्याखाली धूळ खात पडते. बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण नेहमी भेटतात. या दुखण्याबद्दल ते आपणहून बोलत नाहीत, विचारावे लागते. पुरुष संकोचतात, स्त्रिया त्याहून अधिक.

यात लाजण्यासारखे काही नाही. आपण बसतो तेव्हा शरीराचा भार नितंबांखालच्या दोन हाडांवर येतो. कडक बाकावर तळहातावर बसून पाहिले तर ती हाताला टोचतात. भार पेलण्यासाठीच त्यांची रचना आहे. जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्यामधला भाग मात्र नाजूक आहे. जननेंद्रियांची संवेदना वाहणारे मज्जातंतू आणि तिथल्या रक्तवाहिन्या या भागातून जातात. सीटने हाडांना आधार दिला तर माणूस तासन्‌तास बसू शकतो. तो भार मधल्या भागावर आला, की आधी मुंग्या येतात आणि मग बधिरपणा.

दुखू लागले की बहुतेक जण पहिला उपाय करतात तो जाडजूड जेलचे कव्हर चढवण्याचा. घराजवळच्या फेरीला ते बरे वाटते. तासाभरानंतर मात्र हाडे त्यात रुततात आणि दोन्हींच्या मधला फुगवटा वर येऊन नेमका नाजूक भागाला दाबतो. जर्मनीतील संशोधकांनी २००२ मध्ये वीस पुरुषांवर चार प्रकारच्या सीट तपासल्या. अरुंद आणि भरपूर गादी असलेल्या सीटवर शिश्नाच्या त्वचेतील प्राणवायूचा दाब सुमारे ८२ टक्क्यांनी घटला, तर रुंद आणि पुढचे टोक नसलेल्या सीटवर सुमारे २० टक्क्यांनीच. गादीपेक्षा रुंदी महत्त्वाची, हा त्याचा अर्थ.

ही रुंदी प्रत्येकाची वेगळी असते आणि ती घरी मोजता येते. कडक स्टुलावर पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, त्यावर बसा, थोडे पुढे झुका आणि टाचा उचला. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतरात साधारण दोन सेंटिमीटर मिळवले की आपल्या सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. बसण्याची ढबही पाहावी लागते. दूधवाल्याच्या काळ्या सायकलला स्प्रिंगची रुंद सीट असे, कारण तो ताठ बसत असे. पुढे वाकून चालवायच्या सायकलला सीट अरुंद लागते. एकीची सीट दुसरीला लावून भागत नाही.

सीट बदलण्याआधी तिची उंची तपासा, त्याला पैसे पडत नाहीत. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास गुडघा सरळ व्हावा. सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे हेलकावते आणि मांड्या घासतात. सीट जमिनीला समांतर ठेवा. टोक वर असेल तर दाब वाढतो आणि फार खाली असेल तर सगळा भार हातांवर येऊन बोटांना मुंग्या येतात.

पॅड असलेल्या शॉर्ट्सची थट्टा होते, पण त्या मिरवण्यासाठी नाहीत. त्या घर्षण कमी करतात आणि घाम शोषून तो त्वचेपासून दूर नेतात. त्यांच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते. सुती कापड घामाने भिजते, त्याची शिवण काचते आणि पॅडचा उपयोग संपतो. स्त्रियांसाठी वेगळ्या आकाराचे पॅड मिळतात, तेच घ्यावेत. संकोच वाटत असेल तर वरून सैल पँट घालावी. शॉर्ट्स प्रत्येक फेरीनंतर धुवाव्यात आणि उलट्या करून उन्हात वाळवाव्यात. लांबच्या फेरीआधी घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावावी. फेरी संपली की ओल्या कपड्यांत चहा-मिसळीच्या गप्पा मारत बसू नये. पुळ्या आणि गजकर्ण तिथेच सुरू होतात. मग औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेले स्टिरॉइड मिसळलेले मलम लावले जाते. खाज थांबते, पण गजकर्ण पसरत राहते. मधुमेह असलेल्यांनी साधी पुळीसुद्धा अंगावर काढू नये.

हे वाचून कोणी घाबरून सायकल सोडू नये. सायकलपटू, पोहणारे आणि धावणारे पुरुष यांची तुलना करणारे एक मोठे सर्वेक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सायकलपटूंचे लैंगिक किंवा मूत्रविषयक आरोग्य इतरांपेक्षा वाईट आढळले नाही. बधिरपणा मात्र अधिक आढळला. वीस टक्क्यांहून अधिक वेळ पेडलवर उभे राहणाऱ्यांमध्ये आणि हँडल सीटच्या बरोबरीला किंवा वर असणाऱ्यांमध्ये तो कमी होता. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडे उभे राहावे, चढावर तर नक्कीच. नाशिकहून सायकलवारीने पंढरपूर गाठणारे किंवा साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे पुरी करणारे काही वेगळ्या हाडांचे नसतात. त्यांनी अंतर हळूहळू वाढवलेले असते.

बधिरपणा ही सवयीने जाणारी गोष्ट समजून सहन करू नये. उतरल्यावरही तो टिकत असेल, लघवीला जळजळ होत असेल, लघवीतून रक्त जात असेल, लैंगिक तक्रार असेल किंवा गळू होऊन ताप आला असेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे आणि सायकल चालवत असल्याचे स्पष्ट सांगावे.

दुकानदार रंग आणि गिअर दाखवतात. बसायच्या जागेचे माप घेणे हाही विक्रीचाच भाग मानला जावा. आणि आम्ही डॉक्टरांनी ‘सायकल चालवा’ एवढेच लिहून थांबू नये. पुढच्या भेटीत ‘बसायला त्रास होतो का?’ हे आपणहून विचारावे. पाच रुपयांच्या पुठ्ठ्याने जे कळते, त्यापायी एखाद्याचा व्यायाम सुटावा, हे परवडणारे नाही.