मुलाखतीत दुकान लपवू नये

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील व्यापारी घरांतील काही नव्या पदवीधरांना पेढीवर न बसता नोकरी करावयाची असते. मुलाखतीत त्यांना एक प्रश्न बहुधा विचारला जातो : घरचे दुकान असताना नोकरी कशासाठी? या भीतीने काही उमेदवार दुकानाचा उल्लेखच टाळतात आणि आपली जमेची बाजू गमावतात.

आयबीपीएसच्या बँक परीक्षेत लिपिकपदासाठी मुलाखत नसते. परिविक्षाधीन अधिकारी, म्हणजे पीओ, पदासाठी मात्र ती १०० गुणांची असते. अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचे प्रमाण ८० : २० राहते. तेथे पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा पाहिलेला व्यवहार उपयोगी पडतो. नारायणगावला टोमॅटोचा भाव २० किलोंच्या क्रेटवर, मंचरला कांद्याचा १० किलोंवर बोलला जातो. शेतकऱ्याची पट्टी आधी चुकती करावी लागते. परगावची उधारी मागाहून वसूल होते. मधल्या दिवसांत लागणारा पैसा म्हणजेच खेळते भांडवल. वडिलांच्या वहीत हे पाहिलेल्या उमेदवाराने ते स्वतःच्या शब्दांत सांगावे.

मूळ प्रश्नाचे उत्तरही खरे द्यावे. एका दुकानावर दोन भावांचे भागत नसेल, तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. पालकांनीही नोकरीला पेढीचा अपमान मानू नये. मुलाखतीपूर्वी एक संध्याकाळ काढून, मुलगा असो वा मुलगी, खतावणी समोर ठेवून चार प्रश्न विचारावेत. ही तयारी घरातच होते.